पिकअपच्या टपावरचा सर्चलाइट: भाताच्या राखणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकांत निम्मे टेम्पो-पिकअपवाले, आणि त्यातले बरेचसे मुरबाड-शहापूरकडचे. पहाटे भाजी-दूध घेऊन ठाण्यात यायचं, दुपारी रिकामी गाडी घेऊन परतायचं, मधल्या वेळात हॉर्न किंवा हेडलाइटचं काही असेल तर माझ्याकडे थांबायचं. हे प्रकरण त्यातल्याच एका घरचं. त्यांना विचारून लिहितो आहे, फक्त नाव-गाव देत नाही. माळशेजच्या वाटेवरचं, जंगलाला चिकटून असलेलं गाव, एवढं पुरे. घरात काका आणि पुतण्या. शेत काका बघतात, गाडी पुतण्या चालवतो.

शेत म्हणजे ओढ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली सात खाचरं. वरच्या अंगाला बैलगाडीची वाट आहे, पिकअप तिथपर्यंतच जाते. खाली ओढा, ओढ्यापलीकडे जंगल. वरच्या खाचरांत हळवं भात असतं, ते दसऱ्याच्या आगेमागे कापून निघतं. खालच्या पाणथळ खाचरांत गरवं, ते दिवाळी उलटली तरी उभं असतं. आजूबाजूची शेतं मोकळी झाली की रानडुकरांसाठी उभं पीक म्हणून हेच उरतं. डुक्कर जितकं खातं त्याच्या कितीतरी पट तुडवतं. लोळलेलं भात चिखलात दोन दिवस राहिलं की दाण्याला कोंब फुटतात आणि ते गुरांपुढे टाकण्याच्याही लायकीचं राहत नाही. ज्या वर्षी हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी त्यांची खालची दोन खाचरं अशीच गेली होती.

राखण चालू होतीच. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर काका, खालच्या बांधावर शेजारचा एक गडी, हाताशी डबा, गोफण आणि बॅटरी. काकांचं वय पासष्टच्या पुढे. पुतण्याला वाटायचं, आपण दिवसभर ठाण्याच्या फेऱ्या मारतो, रात्री म्हातारा एकटा जागतो, काहीतरी करायला हवं. त्या भावनेत खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

अडचण माझ्या दुकानात आली ती अशी

भाद्रपद संपता संपता पुतण्या आला. टपावर एक सर्चलाइट होता. चुंबकाच्या बुडाचा, रिमोटवर फिरणारा, १०० वॅटचा हॅलोजन. ऑनलाइन घेतलेला. खोक्यावर खुल्या माळावर उभ्या जीपचं चित्र आणि ‘एक किलोमीटर’ असा दावा. म्हणाला, “भाऊ, दिवा लावला की दहा मिनिटांत वायर गरम होते, आणि उजेडही पिवळा पडतो.”

त्याने लायटरच्या सॉकेटला बारीक वायर पिळून वर टेप मारला होता. फ्यूज नाही, रिले (लहान स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) नाही. १०० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सव्वाआठ अँपिअर खेचतो. जाऊन-येऊन दहा मीटर लांबीची एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर दीड व्होल्ट वाटेतच जातो. हॅलोजनला दीड व्होल्ट कमी पडला की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. राहिलेली ताकद वायर तापवण्यात जाते, आणि त्या वायरच्या बाजूला डिझेलची गाडी, मागे सुका पेंढा.

मी जे करायला हवं ते केलं: थेट बॅटरीवरून चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, डॅशबोर्डवर स्विच, टपाच्या कडेला रबरी ग्रोमेट. उजेड पांढराफेक झाला. पुतण्या खूश होऊन गेला.

पहिली चूक इथे झाली आणि ती माझी होती. वायर का तापते हे मी शोधून काढलं, दिवा कशासाठी हे विचारलंच नाही. ‘शेतावर लागतो’ म्हणाला, मी मान डोलावली. समोर आलेला बिघाड दुरुस्त करायची सवय हाताला असते. तो दिवा मुळात तिथे असावा का, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आलाच नाही.

दोन रात्री

पुढच्या पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिल्या रात्री पिकअप वरच्या वाटेवर उभी करून पुतण्या रिमोटने झोत फिरवत होता. इंजिन चालू, कारण दिवा चार तास लावला की ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले तेहतीस निघून जातात आणि पहाटे स्टार्टर नुसता टकटक करतो. तिसऱ्या खाचराच्या कडेला दोन हिरवे डोळे चमकले. त्याने हॉर्न दाबला, सोबतच्या पोराने गोफण फिरवली. दगड लागला शेजाऱ्याच्या गाईला. तिच्यापासून दहा हातांवर, बांधाच्या आडोशाला, घोंगडी पांघरून शेजारचा गडी झोपला होता. झोत त्याच्यावरून दोनदा गेला होता. कुणालाच तो दिसला नाही.

दुसऱ्या रात्री, आठवड्याभराने, गावाबाहेरच्या रस्त्यावर वनरक्षकाने गाडी अडवली. जंगलालगतचा रस्ता, रात्रीचा एक, टपावर पेटलेला सर्चलाइट, मागे तीन तरुण पोरं. शिकारी लोक असेच फिरतात. त्याने गाडी तपासली, नावं लिहून घेतली, दिवा उतरवून मागे ठेवायला लावला आणि सकाळी ऑफिसला बोलावलं. काका स्वतः गेले म्हणून प्रकरण समज देण्यावर मिटलं. पुतण्याला त्याचा राग आला होता. माझ्या मते वनरक्षक शंभर टक्के बरोबर होता. त्याने तशी गाडी सोडून दिली असती तर मला काळजी वाटली असती.

त्यानंतर काका आणि पुतण्या दोघे मिळून दुकानात आले. काका पहिल्यांदाच ठाण्यात माझ्याकडे आले होते. म्हणाले, “तुम्ही बसवलात, आता तुम्हीच सांगा ठेवायचा की काढायचा.”

दिवा कुठला, शेत कुठलं

त्या रविवारी मी शेतावर गेलो. हे मी आधीच करायला हवं होतं.

असे दिवे ऑस्ट्रेलियासारख्या देशांत शेतकरी खुल्या गाडीवर लावतात आणि रात्री कोल्हे, ससे मारतात. हे दोन्ही प्राणी तिथे बाहेरून आणलेले, शेतीचे आणि स्थानिक प्राण्यांचे शत्रू ठरलेले. शेतं सपाट, मैलोन्‌मैल. कोल्ह्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो, तो झोत परत फेकतो, म्हणून लांबून डोळे चमकले की जनावर सापडतं. त्या कामाला तो दिवा चोख आहे.

आपल्याकडे त्यातलं काहीच लागू नाही. पहिली गोष्ट, डुकराच्या डोळ्यात तो थर नसतोच. गाय, कुत्रा, हरीण, बिबट्या, मांजर या सगळ्यांचे डोळे चमकतात. डुकराचे तसे चमकत नाहीत आणि माणसाचेही नाहीत. म्हणजे डोळे बघून ठरवायला गेलात तर ज्याला हाकलायचं ते दिसणार नाही, ज्याला सांभाळायचं तो माणूसही दिसणार नाही, आणि दगड गाईला लागणार. पहिल्या रात्री नेमकं हेच झालं होतं. हे मला त्या रविवारपर्यंत ठाऊक नव्हतं. तिथून परत आल्यावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

दुसरं, अंतर. खोक्यावरचा एक किलोमीटरचा आकडा कसा निघतो ते सांगतो, कारण यात पुष्कळ लोक फसतात. जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचं अंतर दिव्याचा पल्ला म्हणून छापतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. एक किलोमीटरचा दावा खरा मानला तर झोताची तीव्रता अडीच लाख कँडेला हवी. पण काकांच्या शेताचा सगळ्यात लांबचा बांध वाटेपासून ८० मीटरवर आहे, मी पावलांनी मोजला. तिथे ३०,००० कँडेलाचा दिवासुद्धा पौर्णिमेच्या जवळपास एकोणीस पट उजेड पाडतो. वर लांब पल्ल्याच्या दिव्याचा झोत अरुंद असतो. तीन अंशांचा झोत ८० मीटरवर जेमतेम चार मीटर रुंद पडतो. खाचरात कळप कुठे आहे हे माहीत नसताना चार मीटरच्या पट्ट्याने शोधणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. दहा अंशांचा झोत त्याच अंतरावर चौदा मीटर व्यापतो. लुमेनचा, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. किती कँडेला आणि किती रुंद झोत, ही जोडी विचारावी.

तिसरी गोष्ट मला काकांनी दाखवली. गरवं भात कमरेच्या वर उभं होतं. त्यात शिरलेलं डुक्कर कुठल्याही दिव्याने दिसत नाही, दिसतात ते हलणारे शेंडे, तेही नशीब असेल तर. अंधार पडल्यावर आम्ही माळ्यावर बसलो. काकांनी मला बॅटरी लावू दिली नाही. “आधी कान लावा,” म्हणाले. अर्ध्या तासाने मला ओढ्याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला, मग त्याच्या आत एक चपचप, मग ओल्या ताटांचं मोडणं. काकांनी बोट दाखवलं, डावीकडचं खालून दुसरं खाचर. तेवढ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली: समोरच्या बांधाची कड मला दिसत होती. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ते क्षणात घालवतो. पुतण्या रात्रभर चालू इंजिनाजवळ बसून, टपावरून बॉनेटवर परतणारी चकाकी डोळ्यांत घेत, ऐकायचंही गमावत होता आणि बघायचंही.

समोरचे पर्याय

माळ्यावरच चर्चा झाली. दिवा आहे तसा ठेवायचा, हे कायद्यानेच निकालात निघालं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावू देत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी असेल तरच मुभा आहे. पुतण्या म्हणाला, हा चुंबकाचा आहे आणि टपावर आहे, पुढे कुठे? रस्त्यावर या युक्तिवादावर कुणी अवलंबून राहू नये. धंद्यात इतकी वर्षं असून हा नियम दिवा बसवताना मी बघितला नव्हता, त्याची लाज वाटते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ त्याहून गंभीर. त्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, जनावराला हाकत नेणं आणि यातला प्रत्येक प्रयत्न तिच्यात येतो. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीने ती कलमं गेली; पण परवान्याच्या काळातही गाडीतून शिकारीला मनाई होती आणि कृत्रिम उजेडावर बंधनं होती. आपल्या खाचरातून आवाज करून डुक्कर हुसकावणं वेगळं, झोत मारत गाडीने जंगलापर्यंत पाठलाग करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात गाडीसुद्धा जप्त होऊ शकते, आणि त्या घराची अर्धी कमाई त्या गाडीवर आहे.

पोरांपैकी एकाने तारेत करंट सोडायचं सुचवलं. त्यावर काका असे काही भडकले की पुढे तो विषयच निघाला नाही. उघड्या तारेत घरची वीज सोडणं म्हणजे माणूस मारायची तयारी. अशा तारांनी शेतकरी स्वतःच्याच बांधावर मेले आहेत.

बाकी राहिले तीन मार्ग: हातातला दिवा, ओढ्याच्या उतारावर एक कायमचा दिवा, आणि सौर कुंपण, म्हणजे सौर बॅटरीवर चालणारं, जीव न घेता नुसता झटका देणारं. कुंपण सगळ्यात खात्रीचं, पण एका घराला न परवडणारं. शिवाय एकाच शेताला कुंपण घातलं की कळप शेजारच्यात जातो. ते चार घरांनी मिळून करायचं म्हणून पुढच्या वर्षावर गेलं.

कायमच्या दिव्याबद्दल माझा आग्रह पांढऱ्या फ्लडलाइटचा होता. काकांनी साफ नकार दिला. भातावर पांढरा दिवा लावला की खोडकिड्याचे पतंग गोळा होतात. कृषी खात्याचे प्रकाश सापळे त्याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. पिवळ्या उजेडाचा लहान एलईडी घ्यायचा, तो भाताकडे न वळवता ओढ्याच्या पायवाटेकडे वळवायचा, असं ठरलं.

प्रत्यक्ष काय केलं

टपावरचा दिवा मी स्वतः उतरवला. वायर, रिले काढले, टपाच्या कडेचं भोक बुजवलं. मजुरी घेतली नाही.

दोन हातदिवे घेतले, चार्ज होणारे, ३०,००० कँडेलाच्या आसपासचे, झोत मध्यम रुंद, मंद लाल उजेडाची सोय असलेले. लाल उजेडात वाट चालता येते आणि अंधाराला सरावलेले डोळे बऱ्यापैकी टिकतात. बंदुकीच्या घोड्यासारखं दाबून धरायचं बटण हवंच, असा माझा हट्ट होता: बोट उचललं की दिवा बंद. दिवसा पुतण्याच्या गाडीत चार्ज होतात, त्यासाठी मी फ्यूज घालून एक सॉकेट दिलं. धुक्याच्या रात्री दिवा डोळ्याजवळ न धरता हात लांब करून, कमरेच्या उंचीवर धरायचा, नाहीतर समोर पांढरी भिंत उभी राहते, हे पुतण्याला प्रत्यक्ष दाखवलं.

माणसाचे डोळे चमकत नाहीत, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दुकानात ट्रकच्या मागे लावतात ती लाल-पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी असते. एक रीळ घेऊन गेलो. काकूंनी तीन घोंगड्यांना चारही कडांनी वीत-वीत पट्ट्या सुईदोऱ्याने शिवल्या. गोंदाने लोकरीवर टिकत नव्हत्या. ही पट्टी उजेड जिथून आला तिकडेच परत फेकते, म्हणून दिवा बघणाऱ्याच्या हातात असेल तर ती लख्ख दिसते. टपावर दिवा आणि माणूस दुसरीकडे असेल तर तिची निम्मी मजा जाते. त्या रात्री खालच्या बांधावरच्या गड्यावर झोत टाकला आणि घोंगडीची चौकट उठून दिसली. काका काही बोलले नाहीत, नुसता दिवा दोनदा उघडझाप केला.

नियमही ठरला. ऐकल्याशिवाय दिवा नाही, दिवा पडल्यावर आधी घोंगड्यांच्या चौकटी मोजायच्या, तिन्ही दिसल्याशिवाय गोफण उचलायची नाही.

राखणीला कोण कोण असतं, कुठल्या खाचरात, हे काकांनी वनखात्याच्या ऑफिसात लेखी देऊन ठेवलं. ज्या वनरक्षकाने गाडी अडवली होती त्यानेच नुकसानीच्या अर्जाची रीत समजावली: तुडवलेलं पीक ताजं असतानाच कळवायचं, पंचनामा होईपर्यंत उचलायचं नाही, फोटो दिवसाउजेडी काढायचे.

निकाल

त्या हंगामात कळप दोनदा आत आला. आदल्या वर्षी दोन खाचरं गेली होती, या वेळी एका खाचराचा कोपरा. त्याचा अर्ज केला, पंचनामा झाला. दगड कुणालाच लागला नाही, ना गाईला, ना माणसाला.

पिवळा दिवा मात्र अपेक्षेइतका चालला नाही. पहिले दहा-बारा दिवस ओढ्याच्या उताराकडे डुक्कर फिरकलं नाही, मग त्याला सवय झाली. दुसऱ्यांदा कळप आला तो दिव्याखालूनच, पावलं चिखलात स्पष्ट होती. त्यानंतर काकांनी दर तीन-चार दिवसांनी दिव्याची जागा बदलली. त्याने फरक पडला की तोवर पीक कापणीला आल्याने पडला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पुन्हा करायची वेळ आली तर

दिवा बसवण्याआधी शेत बघायला जाईन, किंवा निदान फोनवर तीन गोष्टी विचारेन: सगळ्यात लांबचा बांध किती पावलांवर, तुमची माणसं रात्री कुठे बसतात-झोपतात, आणि गाडी कुठपर्यंत जाते. ही तीन उत्तरं त्या भाद्रपदातच मिळाली असती तर टपावरचा दिवा माझ्या हातून बसलाच नसता.

वनखात्याला आधी कळवायला हवं होतं, अडवल्यानंतर नव्हे. पट्ट्यांची कल्पना पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. ट्रकच्या मागे ती मी रोज चिकटवतो. आणि पिवळा दिवा सुरुवातीपासून हलता ठेवायला हवा होता, रोज रात्री न लावता मधूनमधून लावायला हवा होता.

पुतण्याने तो सर्चलाइट ऑनलाइन विकायला काढला होता. मी त्याला तसं करू नको म्हटलं, कारण पलीकडे घेणारा कोण असेल सांगता येत नाही. तो आता माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे, बल्ब काढलेला. कुंपणासाठी चारपैकी तीन घरं तयार आहेत. चौथ्याचं खाचर ओढ्याला सगळ्यात जवळ आहे आणि तो म्हणतो, माझ्याकडे डुक्कर येतच नाही. येत्या महिन्यात काका त्याला एक रात्र माळ्यावर बसवणार आहेत, दिवा न लावता.